सोलर पंप घेण्याआधी विहीर मोजा

माझं वावर सव्वातीन एकर. पारोळा तालुक्यात, बोरी नदीपासून थोडं आत. घरचे सुरतेला लूमवर, त्यामुळे विहीर, पाईप, ठिबक, बैल, सगळं मी आणि सासूबाई पाहतो. शेतीच्या वीजजोडणीचे पैसे भरून आम्ही कित्येक वर्षं वाट पाहिली. तोवर पाणी जेठांच्या मोटारीवरून, तेही रात्रीच्या बारीला. थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पौषात रात्री दोन वाजता बॅटरी तोंडात धरून, साडी खोचून, गार पाण्यात उभं राहून बारं मोडायचं. एकदा बांधावर बॅटरीचा उजेड पडला आणि दोन हातांवर मण्यार वेटोळं घालून बसलेली दिसली. त्या रात्री पाणी तसंच सोडून घरी आले आणि सकाळपर्यंत डोळा लागला नाही.

आता सोलर पंपावर दुसरा उन्हाळा चालू आहे. गावातल्या बायका, माहेरचे भाऊ, कुणी ना कुणी विचारत असतं की कसा घ्यायचा, किती एचपीचा, चालतो का. त्या सगळ्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

पंपाची चौकशी करायच्या आधी विहीर मोजा. लोक उलटं करतात. आधी एचपी ठरवतात, मग विहिरीत डोकावतात.

मोजायचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दिवाळीला नाही. दिवाळीत आपल्याकडे प्रत्येक विहीर श्रीमंत दिसते. दोरीला दगड बांधून तळ मोजा, मग पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. माझी विहीर ६२ फूट. आखाजीला पाणी ४८ फुटांवर होतं. मोटार चालवल्यावर ते खाली जातं, माझं ५६ पर्यंत जातं. हिशोबात ५६ धरायचे, ४८ नाही. त्यात वावराचा सगळ्यात उंच कोपरा विहिरीच्या काठापेक्षा किती वर आहे ते मिळवा. माझा १० फूट वर आहे. ठिबकला फिल्टरपाशी एक किलो दाब लागतो, म्हणजे ३३ फूट उंचीवर पाणी चढवण्याइतकं काम. चारशे फूट अडीच इंची पाईप आहे, त्यातल्या घासणीचे ८ फूट. सगळी बेरीज १०७. हाच आकडा पंपवाल्याला सांगायचा. नुसतं ‘विहीर साठ फूट आहे’ असं सांगितलं, तर तो साठ फुटांचा पंप देईल आणि ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी पोचणार नाही.

दुसरी गोष्ट विहिरीची आवक. संध्याकाळी विहीर उपसून पाण्याची खूण करा, सकाळी परत पाहा. माझ्या विहिरीचा व्यास २० फूट आहे. एवढ्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे साधारण ८,९०० लिटर. उन्हाळ्यात माझी विहीर रात्रीतून ३ फूट चढते. म्हणजे २६ हजार लिटरच्या आसपास. उन्हाळ्यात दिवसाला मी हिशोबात धरते ते पाणी एवढंच, मग वर ३ एचपी बसवा की १० एचपी.

आता पिकाची बाजू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. चैत्र-वैशाखात भाजीपाल्याला दिवसाला ५ मिलिमीटर धरा, म्हणजे एकराला २० हजार लिटर. गुरांचं, घरचं धरून माझ्या विहिरीवर उन्हाळ्यात एक एकर मिरची होते, दीड एकर होत नाही. हे कागदावर मांडल्यावर वाईट वाटलं खरं. पण लावून वाळवण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

किती एचपी

२०२४ पासून राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. केंद्राची पीएम-कुसुम त्याआधीची, २०१९ ची. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकर ५ एचपी, त्याच्या वर साडेसात. आपला हिस्सा किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. माझ्या सव्वातीन एकरावर ५ एचपी मंजूर होत होता. मी ३ मागितला. हक्कापेक्षा कमी क्षमतेचा पंप मागता येतो, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

घरात यावरून आठ दिवस बोलणी झाली. ‘सरकार पाच देतंय आणि तू तीन घेतेस?’ जेठांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मोठ्या विहिरीला पाचच हवा. पण माझ्या विहिरीत ५ एचपी टाकला असता तर दुपारी बारालाच पाणी तळाला गेलं असतं आणि कंट्रोलरने, म्हणजे प्लेटांची वीज पंपाला देणाऱ्या पेटीने, पंप बंद केला असता. शिवारात एका भावाचं असंच झालंय. दीड तास धो धो पाणी, मग दोन तास बंद, परत अर्धा तास. ठिबकचं गणित त्याला बसवताच येत नाही. माझा ३ एचपी सकाळी साडेआठला उठतो आणि विहीर जेवढं देते तेवढंच शांतपणे उपसत राहतो. झऱ्याच्या चालीने चालणारा पंप बारक्या विहिरीला मानवतो.

रावेर-यावलकडे ट्यूबवेल शेकडो फूट खोल गेल्या आहेत, तिथला हिशोब निराळा. तिथे हेच आकडे लावू नका. मात्र मोजायची रीत तीच.

अर्ज

यावर फार लिहीत नाही. महावितरणच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद हवी. माझी नव्हती, त्यापायी तलाठ्याकडे दोन महिने गेले. तेव्हा हे काम सगळ्यात आधी करा. आधार, बँक पासबुक, लागू असेल तर जातीचा दाखला, आणि वावर सामाईक असेल तर बाकीच्या भागीदारांचं संमतीपत्र. पैसे फक्त ऑनलाइन भरायचे. ‘मी लवकर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात रोख एक रुपया ठेवू नका. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइटही निघालेल्या आहेत. फोनवर लिंक आली म्हणून पैसे भरू नका. पंप बसवणारी एजन्सी यादीतून आपणच निवडायची असते. निवडण्याआधी त्या एजन्सीने तुमच्या पंचक्रोशीत बसवलेला एक पंप जाऊन पाहा. त्या शेतकऱ्याला एवढंच विचारा, की बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत आला.

सावली

इथे माझी चूक झाली, म्हणून सविस्तर सांगते.

प्लेटांचा सांगाडा विहिरीजवळच हवा, केबल कमी लागते, असं बसवणाऱ्या पोरांचं म्हणणं. विहिरीच्या नैर्ऋत्येला सासऱ्यांनी लावलेला निंब आहे, तीसेक फूट उंच. दिवस चैत्राचे. ऊन डोक्यावर, निंबाची सावली निंबाखालीच. मी विचारलं, ‘याची सावली येईल का?’ ते म्हणाले, ‘काही होत नाही.’ मीही मान्य केलं.

मार्गशीर्षात दुपारी साडेतीनला पाणी एकदम बारीक व्हायला लागलं. आभाळ स्वच्छ, प्लेटा पुसलेल्या. शेवटी सांगाड्याजवळ जाऊन उभी राहिले तेव्हा दिसलं. खालच्या ओळीतल्या दोन प्लेटांच्या कोपऱ्यावर निंबाच्या शेंड्याची सावली, ताटाएवढी. एवढ्याशा सावलीने सगळ्या पंपाचा जोर घटतो, कारण प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीची धार आटली की बाकीच्यांचीही कमी होते.

आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी पडते, उत्तरेकडे. तीन वाजता दीडपट होते, साडेतीनला जवळजवळ दुप्पट, चारला जवळजवळ अडीचपट, आणि ती ईशान्येकडे जाते. सकाळी तसंच वायव्येला. म्हणजे ३० फुटांचं झाड नैर्ऋत्येला असेल, तर सांगाडा किमान ७५ फूट लांब हवा. मेच्या शेवटी जळगाव-धुळ्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत सावली पाहून जागा ठरवली तर फसणारच. झाडाचं, विजेच्या खांबाचं, गोठ्याच्या पत्र्याचं अंतर टेपने मोजा आणि जागा पटत नसेल तर खड्डे खोदायच्या आधी काम थांबवा. सिमेंट ओतल्यावर कुणी ऐकत नाही.

निंब मी तोडला नाही. दोन फांद्या उतरवल्या. थंडीत रोज अर्धा तास पाणी कमी मिळतं, ते सोसते.

बसवायच्या दिवशी

वावर सोडून जाऊ नका. प्लेटांचं तोंड दक्षिणेला, उतार साधारण २० अंश. पायांचे खड्डे पुरते खोल आणि सिमेंटने भरलेले. ज्येष्ठातलं वारं केळीचे बाग झोपवतं, ते सांगाड्यालाही सोडणार नाही. पंप तळाला टेकवू देऊ नका, माझा तळापासून चार फूट वर लटकवलाय, नाहीतर गाळ ओढतो. केबल पाईपमधून पुरून घ्या. उघडी राहिली की उंदीर कुरतडतात. अर्थिंगचे खड्डे आणि वीजरोधक दांडा झालाच पाहिजे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतते, माती कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही.

घरातल्या प्रत्येकाला एक गोष्ट समजावून ठेवा. ऊन आहे तोवर प्लेटांच्या तारेत करंट आहेच, स्टार्टर बंद असला तरी. तोही डीसी, दहा प्लेटा मिळून तीन-चारशे व्होल्टच्या घरात. चालू पंपाचं प्लेटांचं कनेक्शन ओढलं तर मोठी ठिणगी पडते, हात भाजतो. पोरांना सांगाड्याखाली खेळू देत नाही मी.

सही करण्याआधी पाणी मोजून घ्या. २०० लिटरचा ड्रम आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. पाईपाचं तोंड मोकळं सोडून मोजलं तर धार जोरदार दिसते, पण ते खरं नव्हे. व्हॉल्व थोडा आवळून दाबाचा काटा एक किलोवर आणा, मग ड्रम लावा. माझा भर दुपारी ८० सेकंदांत भरला, म्हणजे तासाला ९,००० लिटर. सकाळी नऊला १७० सेकंद लागले, तासाला सव्वाचार हजारांच्या आत. हे दोन आकडे आणि तारीख मी कोठीच्या दारावर खडूने लिहिले, नंतर रंगाने पक्के केले. पुढे पंप बिघडला की नाही, हे वादाने नाही, त्या दोन आकड्यांनी ठरतं.

त्या दिवशी पहिलं पाणी आलं तेव्हा सासूबाई धक्क्यावर बसल्या होत्या. ओंजळीत पाणी घेऊन म्हणाल्या, ‘सूर्यदेव पानी काढस वं माय!’ लाईटची वाट पाहण्यात त्यांचंही आयुष्य गेलं.

उन्हाच्या चालीने पाणी

लाईटची मोटार बटण दाबलं की पुऱ्या ताकदीने चालते. सोलरचं तसं नाही. सकाळी उठतो, दुपारी भरात येतो, चारनंतर थकतो, ढग आला की दम घेतो. जुन्या सवयीने सगळ्या एकराचे व्हॉल्व उघडून बसलात तर सकाळी दाबच येणार नाही. जवळच्या झाडांना पाणी, लांबची कोरडी. मग लोक म्हणतात सोलरला जोर नाही.

मी मिरचीच्या एकराचे चार भाग केले. नळ्या चार फुटांवर, ड्रीपर सव्वा फुटाला थोडं वर, तासाला दोन लिटरचे. सगळं एकर एकदम उघडलं तर तासाला साडेसोळा हजार लिटर लागतात, तेवढं पंप देतच नाही. चौथ्या भागाला चार हजारांवर थोडं लागतं. म्हणून सकाळी साडेआठ-नऊला एक व्हॉल्व, साडेदहानंतर दोन, तीन वाजता परत एकच. प्रत्येक भागाला सव्वा तास मिळाला की २० हजार लिटर पोचतात. यात नळीचा दाब कधी पडत नाही आणि शेवटच्या रोपालाही तेवढंच पाणी मिळतं. खत वेंचुरीतून (पाण्याच्या ओढीने खत शोषणाऱ्या नळीतून) द्यायचं ते अकरा ते दोनमध्ये, कारण दाब तेव्हाच एकसारखा असतो.

ठिबक नसेल, पाटपाणी असेल, तर सकाळची बारीक धार पाटातच मुरते. अशांनी सकाळचं पाणी हौदात किंवा शेततळ्यात साठवावं आणि दुपारी पंपाची धार आणि हौदाचं पाणी मिळून सोडावं. साठवण्यासाठी बॅटरीचा नाद करू नका. पाणी हौदात साठवणं बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

कडक ऊन म्हणजे जास्त पाणी, असंही नाही. प्लेट तापली की वीज कमी होते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का. वैशाखात प्लेट ६५ अंशांवर गेली की सोळा टक्के गेलेच, वर पाणीही खोल गेलेलं. माझा पंप सगळ्यात छान चालतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन लख्ख आणि हवा अजून गार असते तेव्हा.

प्लेटा पुसायच्या पहाटे किंवा दिवस मावळताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. आपलं विहिरीचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे डाग राहतात, म्हणून ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. साबण, घासणी, राख, काही नको. माघापासून मृगापर्यंत मी दर आठ दिवसांनी पुसते.

पाच वर्षं दुरुस्ती एजन्सीने करायची असते आणि विमाही असतो. वादळात प्लेटा फुटल्या किंवा चोरी झाली, तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. चोरीला पोलिसांची तक्रार लागतेच. कंट्रोलर स्वतः उघडू नका, ओळखीच्या वायरमनलाही उघडू देऊ नका.

वावरातली बाकीची सोलर साधनं

पावसाळ्यात पंप दोन-दोन आठवडे बंद असतो, प्लेटा मात्र ऊन मिळेल तसं कमावत असतात. त्यावर कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते, पण त्यासाठी वेगळा युनिव्हर्सल कंट्रोलर लागतो. साध्या कंट्रोलरला स्वतः वायर जोडून काही चालवलं तर मशीन जळतं आणि दुरुस्तीचा हक्कही जातो. दोन-चार घरांत मिळून कुट्टी चालवणार असाल तर पंप घेतानाच याची चौकशी करा.

कोठीवर मी निराळी १०० वॉटची प्लेट आणि १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासाची बॅटरी लावली आहे. बॅटरीत ४८० वॉट-तास मावतात, म्हणजे अर्ध्या युनिटला थोडी कमी वीज. साधी बॅटरी अर्ध्याच्या वर रिकामी करू नये, म्हणून २४० धरा. सात वॉटचे दोन दिवे पाच तास म्हणजे ७०, पंचवीस वॉटचा डीसी पंखा सहा तास म्हणजे १५०. झालं. त्यावर कुणी टीव्ही लावला की सहा महिन्यांत बॅटरी बसते.

रानडुक्कर आणि रोहींसाठी (नीलगायींसाठी) सोलर झटका मशीन आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर पळतं, मरत नाही. तारांना गवत लागू देऊ नका, सगळा झटका जमिनीत जातो. पण एक हात जोडून सांगणं आहे. कुंपणाच्या तारेत घरची किंवा लाईनची वीज कधीही सोडू नका. त्याने माणसं मरतात, बहुतेकदा आपल्याच घरातली, पहाटे बाहेर गेलेली. तो गुन्हाही आहे.

कापसाला सोलर प्रकाश सापळा लावते, तो दिवस मावळल्यावर तीनेक तासच चालू ठेवते, पुढे मित्रकीटकही येऊन मरतात.

या आखाजीला परत दोरी सोडली. पाणी ५० फुटांवर, गेल्या सालापेक्षा दोन फूट खाली. रात्रीची आवकही अडीच फुटांवर आली आहे, म्हणजे २२ हजार लिटर. म्हणून मिरचीचा चौथा भाग यंदा मोकळा ठेवलाय, तिथे पावसाळा सरता सरता दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, करायचा विचार आहे. कोठीच्या दारावर नवा आकडा लिहून झाला आहे.